विकलेला वेग आणि पोचलेला वेग

घरगुती इंटरनेटचा वेग जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे मिळत नाही, हा ग्राहकांचा आक्षेप जुना आहे आणि त्याला कंपन्यांनी व त्यांच्या कैवाऱ्यांनी दिलेली उत्तरेही तितकीच जुनी आहेत. परंतु ही उत्तरे इतक्या वेळा, इतक्या निरनिराळ्या मुखांनी आणि इतक्या निःशंक स्वरात उच्चारली गेली आहेत की, त्यांची कधीकाळी रीतसर छाननी होऊन ती ग्राह्य ठरली असावीत, असा भास व्हावा. शंभर मेगाबिटचा प्लॅन घेतलेल्या ठाण्याच्या किंवा नाशिकच्या गृहस्थाला रात्री नऊ वाजता पंचवीस-तीस मेगाबिट मिळाले, तर दोष त्याच्या भिंतींचा, त्याच्या मोबाइलचा, त्याच्या शेजाऱ्यांचा, किंबहुना त्याच्या अपेक्षांचा आहे, विकणाऱ्याचा मात्र नाही, असे त्याला समजावून देण्यात येते. यांतील काही युक्तिवाद खोटे आहेत, काही अर्धेमुर्धे खरे आहेत, काही तर पूर्ण खरे आहेत. आणि माझे म्हणणे असे की, जे पूर्ण खरे आहेत त्यांतूनसुद्धा कंपन्यांना हवा असलेला निष्कर्ष निघत नाही.

या वादाच्या मुळाशी सरकारी दफ्तरातली एक व्याख्या आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसाधारण जनतेस इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मोडेमच्या किरकिराटासह जे काही येई त्याला वेग म्हणण्याचे धाडस कोणी करीत नसे. पुढे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदास २५६ किलोबिट ही किमान मर्यादा ठरविली, २०१३ साली ती ५१२ किलोबिट झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ती दोन मेगाबिटवर नेली. म्हणजे शंभर मेगाबिट विकून तीन मेगाबिट देणारा पुरवठादारदेखील 'ब्रॉडबँड'च पुरवीत असतो, आणि व्याख्येपुरते बोलायचे तर त्याच्याविरुद्ध कसलीही हरकत घेता येत नाही. विकलेल्या आकड्याशी निगडित असे मानक दूरसंचार नियामक ट्रायच्या ऑक्टोबर २००६ च्या विनियमात होते: घेतलेल्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक वेग ग्राहकास मिळाला पाहिजे. वाचताना समाधान वाटावे असे हे कलम. परंतु त्याची मोजणी पुरवठादाराच्या नोडपासून ग्राहकापर्यंतच व्हावयाची होती, म्हणजे पुरवठादाराकडून बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या ज्या जोडणीत सायंकाळी अनेकदा कोंडी होते ती जोडणी या कसोटीच्या कक्षेतच येत नव्हती. तिच्यासाठी, गर्दीच्या तासाला ऐंशी टक्क्यांहून अधिक भार नसावा, असे निराळे मानक होते आणि त्याच्या पालनाचे अहवाल ज्यांनी पालन करावयाचे तेच भरून पाठवीत. हा विनियम व त्याच्या जोडीचे आणखी दोन विनियम रद्द करून ट्रायने २ ऑगस्ट २०२४ रोजी एकत्रित नवा विनियम अधिसूचित केला, आणि तो १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. फलकावर, पत्रकावर आणि पावतीवर झळकणारा आकडा मात्र आजही एकच असतो, आणि तो कमाल वेगाचा असतो.

कंपन्यांचा पहिला बचाव असा की, 'शंभर मेगाबिटपर्यंत' असे आम्ही म्हटले आहे, शंभरच देऊ असे कोठे म्हटले आहे? आणि ज्याची नजर त्या आकड्याशेजारच्या तारांकनाचा माग काढीत पानाच्या तळाशी पोचेल त्याला बारीक टंकातल्या इंग्रजी अटींमध्ये सर्व काही नमूद केलेले आढळेलच की! हा बचाव कायद्यापुढे टिकणारा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली त्यांत, खुलाशाची टीप दाव्याच्याच भाषेत व त्याच टंकात असावी, तिने मुख्य दाव्याला छेद देऊ नये, महत्त्वाची माहिती दडवू नये आणि मुळातच दिशाभूल करणारा दावा सावरून घेण्यासाठी तिचा उपयोग होऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. आकडा मराठीत आणि त्यातून सुटका इंग्रजीत, हा आपल्याकडच्या फलकांवरचा नित्याचा प्रकार या तत्त्वांशी कसा जुळवून घ्यावयाचा, हे कंपन्यांच्या विधी-सल्लागारांनी एकदा सांगावेच.

या बाबतीत ब्रिटनचा अनुभव फार बोलका आहे. तेथे २०१२ पासून असा नियम होता की, जो वेग किमान दहा टक्के ग्राहकांना मिळू शकतो तो 'इतक्यापर्यंत' म्हणून जाहिरातीत छापावा; म्हणजे शंभरांतल्या नव्वदांच्या दारी न पोचणारा आकडा नियमानुसार निर्दोष होता. २३ मे २०१८ पासून हा नियम बदलला आणि रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळणारा वेगच, 'सरासरी' असे म्हणून, छापण्याचे बंधन आले. परिणाम असा झाला की, तांब्याच्या तारेवरील ज्या साध्या जोडणीची जाहिरात सतरा मेगाबिटपर्यंत अशी होत असे तीच दहा-अकरा मेगाबिटची म्हणून विकली जाऊ लागली. तार तीच, ग्राहक तेच. मधले सहा-सात मेगाबिट इतकी वर्षे कोठे वास्तव्य करून होते, या प्रश्नाला जाहिरातीच्या शाईखेरीज दुसरे उत्तर संभवत नाही.

दुसरा बचाव घराकडे बोट दाखवितो, आणि त्यात पुष्कळच तथ्य आहे हे प्रथम मान्य करावयास हवे. वेग बिटमध्ये विकला जातो आणि संगणक उतरणारी फाईल बाइटमध्ये दाखवितो. एका बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे शंभर मेगाबिटच्या निर्दोष जोडणीवरदेखील सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात, आणि ते पाहून आपण लुबाडले गेलो असे मानणारे ग्राहक थोडेथोडके नाहीत. तक्रारी हाताळणाऱ्या माणसांना याचा वैताग येत असेल तर तो समजण्यासारखा आहे. वाय-फायची गोष्टही तशीच. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर न आदळणारे मार्ग प्रायः तीनच. डोंबिवलीच्या किंवा पिंपरीच्या एखाद्या दाट वस्तीच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाचा राउटर त्या तीन मार्गांवर एकमेकांवर ओरडत असतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा व वेगवान खरा, पण सिमेंट-काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडताना त्याचा दम उखडतो. दिवाणखान्यात टीव्हीमागे दडविलेला राउटर मागच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाला काही देत नसेल तर तो सर्वस्वी कंपनीचा अपराध नव्हे.

परंतु हा राउटर आला कोठून? बहुतेक घरांत तो कंपनीनेच 'मोफत' म्हणून बसविलेला असतो, त्याची जागा कंपनीच्या माणसाने, आपली तार जेथे संपली तेथे, निश्चित केलेली असते, आणि कित्येकदा त्याला केवळ २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा असतो. त्याहूनही विलक्षण प्रकार म्हणजे, ज्या राउटरचे तारेचे द्वारच शंभर मेगाबिटचे आहे, आणि म्हणून ज्यातून माहितीच्या वेष्टनांचा खर्च वजा जाता जेमतेम पंच्याण्णव मेगाबिट बाहेर पडू शकतात, असा राउटर दोनशे मेगाबिटच्या प्लॅनबरोबर देणे. येथे निम्मा माल पाठविणाऱ्याच्या हातूनच दारापाशी अडविला गेला आहे, आणि दोनशेचे पैसे मात्र महिनेमहिने वसूल होत आहेत. शिवाय वाय-फाय हा जर खरोखरच इतका बेभरवशाचा मामला असेल, तर त्यावरचा उपाय सोपा आहे: वेगाची मोजणी वाय-फायवर न करता कंपनीच्या पेटीपाशी, तारेने करावी. तेथे भिंत नाही, शेजाऱ्याचा राउटर नाही, ग्राहकाचा जुना मोबाइल नाही. ज्या बचावाचा आधार केवळ भिंत आहे, त्याने भिंतीच्या अलीकडच्या मोजणीला सामोरे जाण्यास का कचरावे, हे मला उमगलेले नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत सबळ आहे. इंटरनेट ही वाटून घेण्याची वस्तू आहे, ती प्रत्येकाला स्वतंत्र राखून दिली तर किंमत कित्येक पटींनी वाढेल आणि मध्यमवर्गीय गृहस्थाला ती परवडणार नाही, हे म्हणणे निर्विवाद खरे आहे. जीपॉन या प्रचलित पद्धतीत एका प्रकाशतंतूवरून सेकंदास सुमारे २४८८ मेगाबिट उतरतात आणि स्प्लिटरच्या योगाने ते बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी आपला पूर्ण हिस्सा मागितला तर प्रत्येकाच्या वाट्याला एकोणचाळीस मेगाबिटही धड येत नाहीत. परंतु सर्व घरे एकाच क्षणी मागत नाहीत. कोणी वर्तमानपत्र वाचीत असतो, कोणी झोपलेला असतो, आणि या विश्वासावर शंभर शंभर मेगाबिट चौसष्ट घरांना विकण्यात काही गैर नाही. मी तर असे म्हणेन की, या वाटपाच्या युक्तीवाचून आपल्या गावोगावी फायबर पोचलेच नसते.

म्हणून आक्षेप वाटपावर नाही, तो वाटपाचे प्रमाण दडविण्यावर आहे. चौसष्ट घरांच्या तंतूत कोंडी होण्यापूर्वी ती सामान्यतः वरच्या टप्प्यात होते: स्थानिक केबलवाला किंवा लहान पुरवठादार मोठ्या कंपनीकडून जी बँडविड्थ घाऊक दराने घेतो ती आपल्या ग्राहकांच्या संख्येच्या मानाने किती घेतो, यावर सायंकाळचे सारे अवलंबून असते. ग्राहक दुप्पट झाले आणि घाऊक खरेदी तेवढीच राहिली, तरी फलकावरचा आकडा जसाच्या तसा राहतो. ट्रायने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ग्राहकांसाठी हे वाटप फार तर एकास पन्नास आणि व्यावसायिकांसाठी एकास तीस असावे असे सांगितले होते, व त्याची माहिती ग्राहकांना द्यावी असेही म्हटले होते. वाचकांनी आपल्या पुरवठादाराच्या दुकानात जाऊन हे प्रमाण विचारून पाहावे. काउंटरपलीकडच्या मुलाच्या चेहऱ्यावर जो प्रामाणिक विस्मय उमटेल त्यावरून या सूचनेच्या अंमलबजावणीचा अंदाज येईल. एकास पन्नास या हिशेबाने शंभर मेगाबिटमागे खात्रीचे म्हणता येतील असे मेगाबिट दोनच उरतात. ते दोनच आहेत असे लिहून द्या, मग वर जे मिळेल ते ग्राहक आनंदाने घेईल. पण पन्नास जणांत वाटावयाची वस्तू पन्नास जणांना स्वतंत्र म्हणून विकून वर वाटपाचे अर्थशास्त्र त्यांनाच ऐकविणे, याला व्यापार म्हणता येत नाही.

'अनलिमिटेड' या प्लॅनांची कथा याच वंशातली आहे. अनेक योजनांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. ती सामान्य कुटुंबाला पुष्कळ आहे यात संशय नाही, पण मर्यादेनंतर वेग किती उरतो हे अटींच्या तळघरात असते. ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये हुकूम काढून हा उर्वरित वेग ५१२ किलोबिटच्या खाली जाऊ नये असे बजावले, त्यापूर्वी २५६ चीच अट होती. शंभर मेगाबिटच्या जवळजवळ दोनशेव्या हिश्शाला खाली उतरण्याची मुभा देणारा हा हुकूम ग्राहकांच्या बाजूने काढलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे विरुद्ध बाजू किती भक्कम असेल याची कल्पना येते.

चौथे उत्तर अगदी थोडक्यात निकालात काढता येते. एवढा वेग हवाच कशाला, पंचवीस मेगाबिटमध्ये चित्रपट उत्तम दिसतो, असे जे म्हणतात त्यांचे म्हणणे खरे आहे. मग त्यांनी पंचवीसच विकावे.

पाचवे उत्तर स्पर्धेचे. सेवा पसंत नसेल तर दुसरीकडे जा, बाजार मोकळा आहे! कागदावरचा हा बाजार सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या फाटकापाशी संपतो, कारण जिन्यातून तार नेण्याची परवानगी कार्यकारी मंडळाने एकाच पुरवठादाराला दिलेली असते, आणि ती का दिली याचा खुलासा वार्षिक सभेच्या इतिवृत्तात क्वचितच सापडतो. तालुक्याच्या गावी तर दुसरा पुरवठादार म्हणजे त्याच घाऊक व्यापाऱ्याचे दुसरे गिऱ्हाईक. त्यात सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकरकमी भरले तर एक-दोन महिने फुकट, या आमिषाने ग्राहकाने आपली रक्कम आधीच अडकवून घेतलेली असते. तो जाणार कोठे आणि रकमेचा परतावा मागणार कोणाकडे?

राहता राहिला स्पीड टेस्ट. तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकासमोर कंपनीचा माणूस मोबाइल काढतो, काटा झर्रकन अठ्ठ्याण्णववर जातो, आणि प्रकरण निकाली निघाल्याचे जाहीर होते. हा काटा खोटे बोलत नाही. तो फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. चाचणीचा सर्व्हर पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्यात किंवा त्याच शहरात असतो, चाचणी एकाच वेळी अनेक प्रवाह उघडून थोडा वेळ मोजते, आणि ती सकाळी अकरा वाजता केलेली असते. त्यातून कंपनीच्या अंगणातला वेग कळतो. रात्री नऊ वाजता परदेशातल्या मुलीशी बोलताना चित्र गोठते ते का, हे कळत नाही, कारण तेथे प्रश्न अपलोडचा, विलंबाचा आणि वाटेत गळणाऱ्या पॅकेटांचा असतो, आणि जुन्या तारेच्या व केबलच्या जोडण्यांत अपलोडचा वेग डाउनलोडच्या मानाने अगदीच तुटपुंजा असतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आल्या तेव्हा हा दुसरा आकडाही असतो, आणि आपल्या प्लॅनवर तो कोठेच छापलेला नाही, हे असंख्य पालकांना प्रथमच उमगले.

आता माझा पक्ष. वेग ही मोजून विकली जाणारी वस्तू आहे, म्हणून मोजून विकल्या जाणाऱ्या अन्य वस्तूंना जो न्याय लागतो तोच तिला लागला पाहिजे. पेट्रोलपंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते. ग्राहकाला शंका आली तर त्याच्यासमोर त्यात इंधन ओतून दाखविणे पंपचालकाला भाग असते, आणि आज इंधन महाग आहे किंवा रांग मोठी आहे या सबबीवर माप लहान करता येत नाही. इंटरनेटच्या बाबतीत असे शिक्कामोर्तब झालेले माप ग्राहकाच्या हाती नाही, हीच खरी उणीव आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचापुढे चालू शकतात असा निर्वाळा दिला आणि २००९ च्या निकालाने, जुन्या तार अधिनियमातील लवादाच्या कलमावर बोट ठेवून, बंद केलेला दरवाजा पुन्हा उघडला. पण दरवाजातून आत गेलेल्या ग्राहकाने पुरावा म्हणून मोबाइलवरची चित्रे दाखवावयाची आणि समोरच्या वकिलाने भिंतींविषयी बोलावयाचे, असाच प्रकार व्हावयाचा असेल तर उघड्या दरवाजाचा उपयोग मर्यादित आहे.

म्हणून करारनाम्यावर आणि दरमहाच्या पावतीवर कमाल वेगाबरोबर आणखी दोन आकडे, ठळक टंकात व ग्राहकाच्या भाषेत, छापले जावेत: रात्री आठ ते दहा या वेळी सामान्यतः मिळणारा वेग, आणि ज्याखाली उतरल्यास सेवा दिलीच नाही असे मानले जाईल तो किमान वेग, आणि हे दोन्ही आकडे अपलोडसाठी वेगळे. ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमाने किमान, सामान्यतः उपलब्ध आणि कमाल असे वेग स्थिर जोडणीच्या करारात लिहिणे बंधनकारक केले. जर्मनीत डिसेंबर २०२१ पासून, नियामकाने दिलेल्या साधनाने तारेवरून तीन दिवसांत तीस मोजण्या करून वेग कमी आढळला तर त्या प्रमाणात बिल कमी करून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. ब्रिटनमधील नियामक ऑफकॉमची संहिता मानणाऱ्या कंपन्यांना मार्च २०१९ पासून, लेखी किमान वेग न मिळाल्यास महिनाभरात दुरुस्ती करावी लागते, नाहीतर ग्राहकाला विनादंड जाऊ द्यावे लागते. अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना विक्रीच्या जागीच सामान्य वेग व विलंब यांचा तक्ता दाखवावा लागतो. ही श्रीमंत देशांची चैन आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पावतीवर दोन आकडे अधिक छापण्यास श्रीमंती लागत नाही.

मोजणीचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्याचे उत्तर बरेचसे तयार आहे. घरातली ती पेटी कंपनीला दुरून हाताळता यावी म्हणून टीआर-०६९ सारखी प्रमाणित पद्धत २००४ पासून अस्तित्वात आहे. पेटीकडूनच वेग मोजवून घेण्याची सोयही तिच्या पुढच्या जोडमानकांत आहे. पासवर्ड विसरला तर कंपनीचा माणूस ज्या वाटेने दूर बसून राउटर नीट करून देतो, त्याच वाटेने रात्रीच्या वेगाची नोंद जाऊ शकते. सिद्धतेचा भार ग्राहकावर न टाकता विकणाऱ्यावर टाकावा, त्याने या नोंदी बारा महिने जपाव्यात, मागताच ग्राहकाला द्याव्यात, आणि लेखी किमान वेगाहून कमी पडलेल्या दिवसांची रक्कम अर्जाची वाट न पाहता पुढच्या पावतीत वळती करावी.

यावर स्थानिक केबलवाल्यांची कैफियत मला ऐकू येते, आणि ती अवाजवी नाही. घरोघर तारा ओढणारा, पावसात खांबावर माणूस चढविणारा आणि ग्राहकांचे बोल खाणारा तोच असतो. वरचा घाऊक पुरवठादार मात्र त्याला स्वतः काही लिहून देत नाही आणि रात्री आपली जोडणी तुंबली तर फोनही उचलत नाही. अशा माणसावर एकदम किमान वेगाची सक्ती केली तर तो बुडेल आणि त्याचे ग्राहक मोठ्या कंपनीच्या पदरात अलगद पडतील, हे भय खरे आहे. यासाठी नियमाची सुरुवात वरून व्हावी: घाऊक बँडविड्थ विकणाऱ्याने लहान पुरवठादाराला गर्दीच्या वेळचा किमान वेग लेखी द्यावा, आपल्या जाळ्यातली मोजणी त्याने उघडी ठेवावी, आणि वरची तूट सिद्ध झाली तर खालच्या पावतीतून वळती झालेली रक्कम त्याच्याकडून वसूल व्हावी. लहान पुरवठादारांना त्यानंतर वर्षभराची मुदत देण्यास ग्राहकांची हरकत असण्याचे कारण नाही. ती मुदत संपेपर्यंत त्यांनी निदान आपल्या दुकानात, दरपत्रकाशेजारी, आपल्याकडे किती घरांमागे किती मेगाबिट घेतले आहेत हा एक आकडा लावून ठेवावा.